म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याच्या पोटात गाठ? या चुका टाळा

'वय झालंय, पोट सुटणारच.' इथेच बरेच आठवडे वाया जातात. पोट वाढत असतं आणि त्याच वेळी पाठ, मांड्या उतरत असतात. काट्यावर मात्र वजन तेवढंच दिसतं, कारण झडलेल्या मांसाची भरपाई आतली गाठ करत असते. म्हणून काट्याइतकाच विश्वास हातावर ठेवा. कणा, फासळ्या पूर्वीपेक्षा जास्त टोचतात का ते बघा.

गाठ लागली की घरातला प्रत्येक जण दाबून बघतो. कृपया नको. प्लीहेची (स्प्लीन, म्हणजे पोटातला रक्त साठवणारा अवयव) गाठ बरेचदा रक्ताने भरलेली असते आणि ती फुटू शकते.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. कुत्रा अचानक गळून पडतो, हिरड्या पांढुरक्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपूट हलवत जेवतो. आपल्याला हायसं वाटतं. पण अशा वेळी आत थोडा रक्तस्राव होऊन थांबलेला असू शकतो. पोटात सांडलेलं रक्त शरीर हळूहळू शोषून घेतं, म्हणून तरतरी परत येते. पुढचा स्राव थांबेलच असं नाही. पांढऱ्या हिरड्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

उलट टोकाची चूक म्हणजे तपासणीआधीच 'कॅन्सरच' म्हणून हात टेकणं. प्लीहेत रक्ताची गुठळी किंवा साधी वाढही असते, आणि लहान जातींत अशा निरुपद्रवी गाठींचं प्रमाण मोठ्या जातींपेक्षा जास्त आढळतं. यकृताची एकच मोठी गाठ पूर्ण काढता आली, तर ती कॅन्सरची असूनही कुत्री पुढे काही वर्षं जगतात. कधी तर ती गाठच नसते. तुंबलेलं मूत्राशय असतं, किंवा नसबंदी न झालेल्या मादीचं पू भरलेलं गर्भाशय. माज संपल्यावर काही आठवड्यांत ती जास्त पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सोनोग्राफीतून गाठ कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. कसली आहे ते नक्की कळत नाही, ते पॅथॉलॉजीचं काम. काढलेला अवयव शक्यतो पूर्ण तपासायला पाठवा, छोट्याशा तुकड्यात नेमका रोग निसटू शकतो. शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी हवीच. नुसत्या वयावरून भूल नाकारू नका. हृदय आणि मूत्रपिंडं कशी आहेत ते विचारा.

दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. चार किलोच्या जिवाला एक गोळीसुद्धा घातक ठरू शकते.

प्लीहेचा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर निघाला, तर शस्त्रक्रियेनंतरही हाती बहुधा काही महिनेच असतात. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय घेणाऱ्याचं प्रेम कमी नसतं. फक्त तेव्हा डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा: वेदनेवर कोणतं औषध, किती, कोणत्या लक्षणाला धावायचं, आणि अपरात्री फोन कुणाला करायचा.