डोक्यातले विचार बाजूला ठेवून कामाला बसताय? या चुका टाळा

कामाला बसलं की नेमकं तेव्हाच डोक्यात सगळं गोळा होतं. द्यायचं राहिलेलं उत्तर, भरायचं बिल, काल कुणीतरी बोललेलं लागट वाक्य. मग आपण स्वतःला दटावतो, ‘आता दुसरा विचार नको.’ सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

१९८७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं : पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर तर त्यांच्या मनात अस्वल सुरुवातीपासूनच विचार करायला सांगितलेल्या इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. वेग्नर यांनी पुढे याचं कारण मांडलं : विचार आला का, हे तपासत राहायचं तर मनाला तो विचार हाताशी ठेवावाच लागतो. म्हणून मन कोरं करण्याच्या मागे लागू नका. ध्यानाला बसलात तरी विचार येणारच. आला हे ध्यानात घेऊन परत श्वासाकडे वळायचं, एवढंच.

विचार दाबण्यापेक्षा कागदावर उतरवा. पण इथेही बरेचजण अर्ध्यावर थांबतात. ‘विम्याचं काम’ एवढंच लिहिलं, तर मन ते सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या संशोधनात दिसलं, की अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात लुडबुडतात. मात्र ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं, की काम झालेलं नसतानाही लुडबूड कमी होते. तेव्हा ‘गुरुवारी अकराला फोन करून कोणती कागदपत्रं लागतात ते विचारणे’ असं लिहा. यादी लांबली तरी चालेल, मोघम नको.

जी काळजी कामात बदलता येत नाही, तिलाही वेळ द्या : ‘संध्याकाळी सहाला यावर पंधरा मिनिटं.’ आणि सहा वाजता खरंच बसा. ती वेळ पाळली नाहीत, तर पुढच्या वेळी मन ऐकणार नाही.

एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे धावणं ही आणखी एक चूक. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. उठावंच लागलं, तर कुठे थांबलात आणि परत आल्यावर काय करायचं, ते एका ओळीत लिहूनच उठा. विश्रांतीत मोबाईल चाळू नका. त्यातून नवे विषय डोक्यात शिरतात. चार पावलं चाला.

हे सगळं करूनही लक्ष लागत नसेल, तर आधी झोप पाहा. झोप अपुरी असेल तर कुठलीच युक्ती फार काळ पुरत नाही. झोप नीट होत असेल, तर समोरचं काम तपासा. माझ्या मते पुष्कळदा मन भरकटतं, कारण सुरुवात कुठून करायची हेच ठरलेलं नसतं. ‘अहवाल लिहिणे’ खोडून ‘पहिल्या परिच्छेदातले तीन मुद्दे काढणे’ असं लिहा आणि तेवढंच करायला घ्या.