हप्त्याहप्त्याने लढू नका: सिव्ह सिक्समधल्या वेढ्याच्या आणि युतीच्या या चुका टाळा

मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला भाचा खुर्ची मागे सारून उठला. "मामा, हा गेमच बोगस आहे. आठ युनिट नेली, एक परत नाही आलं. आणि तू नुसता बघत बसलास!"

इंदूरला रामबागेतल्या घरी एकाच कॉम्प्युटरवर हॉटसीट लावून, म्हणजे आळीपाळीने बसून, आम्ही सिव्हिलायझेशन सिक्स खेळतो, दोन्ही एक्स्पान्शनसकट (नंतर आलेल्या जोड-भागांसकट), स्टँडर्ड स्पीडवर. राज्य वाढवायचा आणि शहरं जिंकायचा हा गेम टर्नने, म्हणजे पाळीपाळीने चालतो; युनिट म्हणजे त्यातली सैन्याची एकेक तुकडी. तो चंद्रगुप्त, मी गोर्गोचा ग्रीस, समोर कॉम्प्युटरचा त्राजान, म्हणजे रोम. आमची मिलिटरी अलायन्स, म्हणजे लष्करी युती, होती आणि मिळून सैन्य रोमच्या जवळपास दुप्पट. तरी ओस्तिया पडेना. ओस्तिया म्हणजे काही राजधानी नव्हे, कडेचं एक मध्यम शहर.

गेमला शिव्या देऊन झाल्यावर ऑटोसेव्ह (आपोआप जतन झालेला डाव) उघडून एकेक टर्न मागे गेलो. युनिट मेली टर्न ९८ ते १०४ मध्ये, पण चूक टर्न ९२ ची निघाली. त्या टर्नला भाच्याने युद्ध पुकारलं, तेव्हा त्याचे कॅटापल्ट, म्हणजे दगड फेकणारी यंत्रं, अजून घरीच होते आणि माझं सैन्य डोंगरापलीकडे.

चंद्रगुप्ताने विस्तारासाठीचं त्याचं खास युद्ध पुकारलं, की पहिले १० टर्न सगळ्या युनिटना २ जादा चाल आणि ५ जादा ताकद मिळते. त्याचे तलवारवाले ९५ ला भिंतीखाली पोचले आणि मार खात उभे राहिले. कॅटापल्ट १०३ ला आले, म्हणजे बोनस संपल्यावर. मी १०४ ला. दहा टर्नांची मेजवानी रस्त्यातच संपली होती.

पाचाची किंमत

"पाचाने काय फरक पडतो?" हे मी अनेकांकडून ऐकलंय. या गेममध्ये युनिटची तब्येत १०० असते. दोघांची ताकद सारखी असेल तर एका वारात साधारण ३० जातात. नशिबाने थोडं कमीजास्त. तुमची ताकद ५ ने जास्त असेल तर तुम्ही ३७ च्या आसपास देता आणि २५ च्या आसपास खाता. म्हणजे जो शत्रू चार वारांत मेला असता तो तीन वारांत मरतो. ग्रेट जनरल, म्हणजे खास सेनापती, दोन हेक्सच्या (नकाशावरच्या षटकोनी घरांच्या) आत असेल तर त्याच्या काळातल्या युनिटना आणखी ५. अशा दहाला ४५ द्यायचे आणि २० खायचे, असा सौदा होतो.

मिलिटरी अलायन्सचेही पहिल्या पायरीपासून ५ मिळतात. पण ज्या शत्रूशी दोघांचंही युद्ध चालू आहे, फक्त त्याच्याविरुद्ध. इथेच आमचं चुकलं. मी युद्ध पुकारलं थेट १०४ ला, तोवर भाच्याला युतीचा बोनस शून्य. नकाशावर दोस्ती, भिंतीखाली एकटा. म्हणून सैन्य नंतर पोचणार असलं तरी युद्ध दोघांनी एकाच टर्नला पुकारा. एआयला (कॉम्प्युटरच्या खेळाडूला) सोबत घेत असाल तर जॉइंट वॉरचा, म्हणजे मिळून युद्ध पुकारायचा, सौदा करा, पण त्याच्या सैन्यावर विसंबू नका. तो बहुतेक वेळा घोषणा करतो आणि घरी बसतो.

होळकरांच्या गावात हे सांगावं लागू नये खरं तर. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत होते, तेव्हा यशवंतराव होळकर बाजूला राहिले. २३ सप्टेंबरला असई, १ नोव्हेंबरला लासवारी, आणि डिसेंबर संपेपर्यंत भोसले आणि शिंदे दोघांचेही तह झाले. यशवंतरावांची लढाई पेटली १८०४ मध्ये, तेव्हा सोबत ना शिंद्यांच्या पलटणी होत्या ना भोसल्यांच्या. बाजूला राहण्याला कारणं होती, जुनी वैरं होती, ते सगळं मान्य. पण नुसता टर्नांचा हिशेब पाहिला तर भाच्याचं आणि माझं तेच झालं.

भिंत पडत का नाही

तलवारवाले भिंतीवर नुसते आपटले तर जेमतेम ओरखडे निघतात, बाणांचंही फारसं वेगळं नाही. बॅटरिंग रॅम, म्हणजे भिंत फोडायचा ओंडका, सोबत न्या. तो शहराला लागून उभा राहिला की पायदळाचा वार भिंतीवर पूर्ण बसतो. घोडदळाला त्याचा उपयोग नाही. आणि तो फक्त जुन्या, पहिल्या भिंतीपुरता. मध्ययुगीन भिंत उठली असेल तर सीज टॉवर (भिंतीला भिडवायचा मनोरा) लागतो. दोन्ही बिनहत्यारी असल्यामुळे नेहमी लढाऊ युनिटच्याच हेक्समध्ये ठेवायचे. मोकळे सोडलेत तर शत्रू ते उचलून नेतो. भाच्याचा रॅम आता रोमकडे आहे.

कॅटापल्टची खोड अशी, की सरकला त्या टर्नला तो मारू शकत नाही. त्याचा पल्ला दोन हेक्स, भिंतीवरून येणाऱ्या माऱ्याचाही दोन. म्हणून तो एक मार खाऊनच पहिला दगड टाकतो. जनरल जवळ असेल तर जादा चालीमुळे त्याच टर्नला मारता येतं. नसेल तर पायदळ आधी पुढे घाला, म्हणजे शहराचा मारा वाटला जाईल.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते वेढ्यात. शहर दर टर्नला २० ने भरून येतं, वेढा पूर्ण असेल तरच थांबतं. त्यासाठी सहाही हेक्स भरायची गरज नाही. पायदळाचा धाक शेजारच्या हेक्सवर चालतो, त्यामुळे सपाट जमिनीवर समोरासमोरचे दोघेसुद्धा पुरतात. नदी किंवा समुद्र मध्ये आला की हिशेब बदलतो, तिसरा लावा. तिरंदाजांचा धाक धरू नका. भाच्याने पाचही तलवारवाले एकाच बाजूला रांगेत उभे केले होते, शनिवारी सराफ्यात जोशींच्या दहीवड्यासाठी लोक उभे असतात तसे. मागची बाजू मोकळी, आणि ओस्तिया रोज ताजंतवानं.

युतीची तारीख

अलायन्स ३० टर्नांची असते. आमची ८६ ला झाली, म्हणजे ११६ ला संपणार. दुसऱ्या डावात हे विसरलो आणि माझं सैन्य भाच्याच्या हद्दीतून चाललेलं असतानाच मुदत संपली. सीमा बंद, सैन्य हद्दीबाहेर फेकलं गेलं, युतीचे ५ गेले ते वेगळेच. मुदत कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. मोहीम लांबणार असेल तर ती तारीख धरूनच आखा.

बाकीचं थोडक्यात. न सांगता केलेल्या सरप्राइज वॉरला १५० ग्रीव्हन्स (आपल्याविरुद्ध जमणाऱ्या तक्रारी) लागतात, निषेध करून पाच टर्न थांबून केलेल्या फॉर्मल वॉरला १००. ते पाच टर्न तसेही कॅटापल्ट हलवायला हवेच असतात. शत्रू ज्या सिटी-स्टेटचा (छोट्या नगर-राज्याचा) सुझरेन, म्हणजे अधिपती, आहे ती त्याच्या बाजूने युद्धात उतरते, तेव्हा आधी नकाशा बघा. जिंकलेल्या शहरात लॉयल्टी (निष्ठा) घसरते, म्हणून गव्हर्नर व्हिक्टरला वेढा चालू असतानाच मोकळा ठेवा. तो तीन टर्नांत बसतो, बाकीचे पाच घेतात.

रविवारी पोहे-जलेबी आणून आम्ही टर्न ८८ चा सेव्ह पुन्हा उघडला. या वेळी निषेध आधी, सैन्य सीमेवर, युद्ध दोघांचं एकाच टर्नला, रॅम पहारेकऱ्यासकट. ओस्तिया सातव्या टर्नला पडलं. पण शेवटचा वार माझ्या हॉप्लाइटचा (ग्रीक भालेकऱ्याचा) होता, आणि ज्याचं युनिट आत शिरतं शहर त्याचं. ते कोणी घ्यायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. भाच्याने जलेबीचा पुडा आपल्याकडे ओढला आणि विचारलं, "मामा, ही अलायन्स कधी संपते?"