शाळेतली मुलं आणि इंटरनेट : मोठ्यांकडून होणाऱ्या या चुका टाळा

शाळेत सायबर सुरक्षेचं व्याख्यान ठेवलं की सगळा रोख मुलांवर असतो, हे उघडू नका, ते बघू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका. आणि संध्याकाळी त्याच व्याख्यानाचे फोटो शाळेच्या फेसबुक पेजवर, पुढच्या रांगेतल्या मुलींचे चेहरे स्पष्ट, गळ्यातल्या आयकार्डावरचं नाव आणि इयत्तासुद्धा झूम केलं की वाचता येते. कुणाच्या मनात वाईट नसतं हो, कार्यक्रम चांगला झाला म्हणून कौतुकानेच टाकलेले असतात. पण मुलांचं नुकसान मला तरी बहुतेक वेळा अशाच, मोठ्यांच्या सोयीसाठी केलेल्या गोष्टींमधून होताना दिसतं, म्हणून हे शिक्षक आणि पालक दोघांसाठी लिहितेय.

फोटोपासूनच सुरू करू. स्कॉलरशिप मिळाली, स्पर्धा जिंकली की मुलीचा क्लोजअप, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, शाळेचं नाव, वर गावाचं नाव, सगळं एकाच पोस्टमध्ये. अनोळखी माणसाला ओळख काढून बोलायला एवढी माहिती पुरते, "अगं तू अमक्या शाळेतली ना, तुझ्या बाईंनी सांगितलं". तेव्हा फोटो लांबून, घोळक्याचा घ्या, किंवा फोटो आणि पूर्ण नाव एकत्र देऊ नका. पालकांची परवानगी लेखी घ्या आणि नको म्हणाले तर त्या मुलाला बाजूला उभं करून हिरमुसलं करू नका, फोटोच पाठीमागून काढा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूलच धरलेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे, पण सवय आत्तापासून लावायला काय हरकत आहे.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वर्गाच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि घरात एकच फोन असला की तो नंबर खरं तर मुलाच्याच हातात असतो. त्यावर बसच्या मार्गाची एक्सेल फाईल येते, कोणतं मूल कुठल्या स्टॉपला किती वाजता उतरतं ते सगळं त्यात. ही फाईल ग्रुपवर टाकायचीच नाही, ज्याची त्याला माहिती वेगळी पाठवायची. सूचनांसाठी कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप वापरा, तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकतात. सर किंवा मॅडमनी एखाद्या विद्यार्थ्याशी रात्री अकरा वाजता वैयक्तिक चॅट करायची गरज नसते, अभ्यासाचीच शंका असेल तर अभ्यासाच्या वेगळ्या ग्रुपवर विचारू दे, आणि त्या ग्रुपमध्ये शाळेचं दुसरं मोठं माणूस असू दे. यात शिक्षकाचंही संरक्षण आहे.

कॉम्प्युटर लॅबमध्ये तर रोज होणारी गोष्ट म्हणजे आधीच्या तासाच्या मुलाचं जीमेल उघडंच राहतं, पुढचं मूल त्यावरून गंमत म्हणून काहीतरी पाठवतं आणि बोलणी पहिल्याला खावी लागतात. क्रोमची गेस्ट विंडो वापरायला लावा, बंद केली की लॉगिन, हिस्टरी सगळं पुसलं जातं. सगळ्या वर्गाला एकाच पॅटर्नचे पासवर्ड देऊ नका, नाव आणि पुढे १२३ हे बाजूच्या बाकावरच्याला लगेच कळतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा नंबर, १.१.१.३ टाकला की अश्लील आणि व्हायरसवाल्या बऱ्याच साइट अडतात, पैसे लागत नाहीत. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे मोठ्यांसाठीचे व्हिडिओ लपवणारी सोय, प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा चालू करावा लागतो, एका पीसीवर केला म्हणजे सगळीकडे झाला असं नाही. आणि हे सगळं करूनही फिल्टरवर विसंबून सरांनी बाहेर जाऊन बसू नये, कुणाच्या खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लागला की फिल्टर गेला कामातून.

आता सगळ्यात गंभीर चूक. समजा कुणीतरी वर्गातल्या मुलीचा फोटो अ‍ॅपमध्ये घालून नको तसा बनवला आणि तो मुलांमध्ये फिरतोय. बाईंना कळतं, त्या घाबरून तो "बघा काय चाललंय" म्हणून मुख्याध्यापकांना पाठवतात, तिथून स्टाफ ग्रुपवर, तिथून पर्यवेक्षकांना. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर दम दिला जातो आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं मुलगी कोण ते. मग प्रकरण आपसात मिटवू, शाळेचं नाव जाईल, मुलीचंच लग्न जमताना अडेल, ही भाषा सुरू होते.

यातली प्रत्येक पायरी चुकीची आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मूल आहे असं वाटणारं, बदल करून किंवा कॉम्प्युटरवर बनवलेलं अश्लील चित्रसुद्धा येतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली असलं काही पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. म्हणजे "पुरावा म्हणून" केलेला फॉरवर्डही अंगाशी येऊ शकतो. फोटोची कॉपी करू नका, कुणाकडे पाठवू नका, कुठल्या अकाउंटवरून आला, लिंक काय, तारीख वेळ काय, कुणाच्या फोनवर आहे एवढं कागदावर लिहा. मुलांचे फोन हातात घेऊन रागाने सगळं डिलीट करू नका, पोलिसांना तेच लागणार असतं. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर शिक्षा आहे, तेव्हा मिटवायचा अधिकार मुख्याध्यापकांना नाहीच, संस्थेलाही नाही. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर मुलांच्या अशा प्रकरणात नाव न सांगताही तक्रार करता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. १९३० मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा नंबर आहे, गल्लत करू नका. फोटो पसरायचा थांबवण्यासाठी टेक इट डाउन नावाची मोफत सेवा आहे, तिथे फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा एक कोड तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपल्याकडचा फोटो शोधून काढतात. आणि करणारा मुलगाही अल्पवयीन असेल तर त्याचं नाव गावभर करू नका, कायदा त्याचीही ओळख जपतो.

पालकांची चूक याच्या अलीकडची असते. "पुन्हा असं काही दिसलं तर फोन काढून घेईन" हे वाक्य. मुलाला कुणी फोटोवरून धमकावत असेल, पैसे मागत असेल, तर ते घरी सांगणारच नाही, कारण फोन जाईल. धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. मूल बोलायला आलं तर आधी "सांगितलंस ते बरं केलंस, आता पुढचं आम्ही बघतो" एवढंच म्हणा, चौकशी नंतर. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढतेच. ब्लॉक करण्याआधी अकाउंटचं नाव, लिंक आणि धमकीचे मेसेज नोंदवून ठेवा.

महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायला सांगितलीय. ती कागदावर असते, पण आठवीतल्या मुलीला विचारा समितीत कोण आहे, सांगता येईल का? नावं फलकावर लावा, आणि वर्गात जाऊन समितीतल्या बाईंची ओळख करून द्या.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट सांगायची राहिली. निकाल लागला की वर्गाचा जुना ग्रुप तसाच पडून राहतो, शाळा सोडून गेलेले सर अजून अ‍ॅडमिन, गूगल क्लासरूमचा कोड तोच चालू. एप्रिल-मे मध्ये अर्धा तास काढून जुने ग्रुप बंद करा, कोड रीसेट करा, बदली झालेल्यांचा अ‍ॅक्सेस काढा, आणि शाळेच्या पेजचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे त्याची यादी काढून तो बदलून टाका.