आईवडिलांसाठी वृद्धाश्रम निवडताना काय बघायचं, आणि ठेवल्यावर काय तपासत राहायचं

वृद्धाश्रम बघायला गेलं की आधी ऑफिस, बाग, टीव्हीचा हॉल दाखवतात. ते बघा, पण त्यावर ठरवू नका. आईसाठी आम्ही सकाळी ११ ला जाऊन बघितलं होतं, सगळं चकाचक, आणि ती राहायला गेल्यावर कळलं की रात्री ८ नंतर अख्ख्या मजल्याला एकच ताई असते. म्हणून सांगते, दुसरी चक्कर संध्याकाळी मारा, न कळवता, जेवणाच्या वेळेला. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात हे सरळ विचारा आणि कागदावर मागा.

एखाद्या खोलीत गेलात की तिथल्या आजींना विचारून बेल दाबा आणि घड्याळ बघा. कुणी किती मिनिटांनी येतं, आणि आल्यावर बेल आधी बंद करतं का आजींकडे आधी बघतं, यावरून बरंच कळतं. बेलचं बटण पलंगावरून हाताला लागतं का तेही बघा.

मागच्या ३ महिन्यांत किती जण पडले, आणि पडल्यावर काय बदललं, हे विचाराच. एकही नाही म्हणाले तर मला तरी शंका येते, म्हाताऱ्या माणसांच्या ठिकाणी कुणी ना कुणी पडतंच, लपवत नाहीत ना एवढंच बघायचं. पलंग इतका खाली हवा की कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील, बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा हवा, चपला मागून बंद हव्यात. पडू नये म्हणून बांधून ठेवतो म्हणाले तर तिथून निघा. पलंगाचे कठडेही सगळ्यांना चालत नाहीत, गोंधळलेला माणूस त्यावरून चढायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो.

आता ठेवल्यानंतरचं. भेटायला गेलात की मोजे काढून टाचा बघा, मला हे फार उशिरा कळलं. टाचा, माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं, इथे बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) सुरू होतात. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा, दाबल्यावर पांढरट होऊन परत लाल झाला तर तिथला दाब लगेच काढला की बहुतेक वेळा उतरतो, पण दाबूनही लालच राहिला तर जखम सुरू झालीय असं धरा आणि त्याच दिवशी नर्सला दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून बघा, गरम किंवा कडक लागतं का. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांची साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, हवेची गादी असली तरीही, आणि त्याची नोंद रात्रीची पण असली पाहिजे. सगळ्या नोंदी एकाच पेननं एका दमात केलेल्या दिसल्या तर विचारा.

वजन दर महिन्याला करायला लावा. ५० किलोचा माणूस महिन्यात अडीच किलो उतरला तर ते वयामुळे नाही, कारण शोधायला हवं. बऱ्याचदा ताट समोर ठेवलेलं असतं पण भरवायला कुणी नसतं. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

औषधांची यादी स्वतःजवळ ठेवा, नवीन गोळी कुणी आणि कशासाठी लिहिली ते विचारा. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटून द्यायच्या नसतात. आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांना शांत ठेवायला गंभीर मानसिक आजारांवरची, अँटिसायकोटिक म्हणतात ती औषधं देत असतील तर नीट चौकशी करा, अशा रुग्णांमध्ये त्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २००५ मध्येच दिलाय. कालपर्यंत बरी असलेली आई आज अचानक असंबद्ध बोलायला लागली तर "वय झालं" हे उत्तर घेऊ नका, डॉक्टर बोलवा. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवीन औषध, यातलं काहीही असू शकतं.

तक्रार तोंडी सांगितलीत तरी तारीख घालून लिहूनही द्या, जखमेचा फोटो काढून ठेवा.

हे सगळं झालं की दार लावून एकट्या आईजवळ बसा. "सगळे नीट वागतात ना?" विचारलं तर ती हो म्हणणार, तिला तिथंच राहायचंय. त्यापेक्षा विचारा, काल रात्री बाथरूमला कुणी नेलं? की डायपरमध्येच कर म्हणाले?