ग्राइंडर-ड्रिल घेताना कुठला ब्रँड टिकेल, हे स्वतः कसं ठरवायचं

बॉश घेऊ, मकिटा घेऊ का डिवॉल्ट, असं विचारलं की जो तो आपल्या हातातल्या मशीनचं नाव सांगून मोकळा होतो. पण एकाच कंपनीच्या दोन मशीन एका लायकीच्या नसतात. बॉशची निळी मशीन रोजच्या धंद्याची आणि हिरवी घरगुती, मकिटाची एमटी सिरीज त्यांच्याच नेहमीच्या मालापेक्षा स्वस्तातली, ब्लॅक अँड डेकर आणि डिवॉल्ट तर एकाच मालकाचे पण एक घरासाठी काढलेला आणि दुसरा साइटसाठी. आणि जुन्या मिस्त्रीने हिटाचीची तारीफ केली तर दुकानात हायकोकी बघा, २०१८ पासून नाव बदललंय. म्हणून तुलना करायची ती मॉडेलला मॉडेल लावून, आणि तीही आपलं काम धरून.

सुरुवात दुकानापासून करू नका, वायंडिंगवाल्यापासून करा. तुमच्या गावात नाहीतर तालुक्याला जो आर्मेचर (मोटरच्या आत फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) भरतो, त्याच्याकडे दुपारी जरा निवांत वेळ बघून जा. फक्त त्याला "जास्त कुठली मशीन रिपेअरला येते" असं विचारू नका, कारण जी जास्त खपते तीच जास्त येणार, त्यावरून ती कच्ची आहे असं होत नाही. विचारायचं ते असं: या मॉडेलचं काय जातं? कार्बन (फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणारा, घासून झिजणारा तुकडा) संपून येते, स्विच जातो, का थेट आर्मेचर जळून येते? कार्बन-स्विचवर येणारी मशीन चांगली समजा, ती झिजायचीच गोष्ट आहे. पण नवीकोरी मशीन गिअरचे दात तुटून नाहीतर आर्मेचर काळं पडून येत असेल तर ते मॉडेल सोडून द्या, वर नाव कुणाचंही असो.

दुसरा माणूस म्हणजे मशीन भाड्याने देणारा. त्याच्या ब्रेकरवर (काँक्रीट फोडायची मशीन), हॅमरवर रोज नवा हात पडतो, कुणी ग्रीस लावत नाही, कुणी जपून वापरत नाही. तरी तो पुन्हा पुन्हा जे मॉडेल विकत घेतो ते लक्षात ठेवा.

आणि विचारताना आपल्याच धंद्यातल्याला विचारा हो. फरशीवाल्याच्या कटरमध्ये दगडाची बारीक पूड जाते, ती वायंडिंगला अक्षरशः घासून खाते, फॅब्रिकेशनवाल्याच्या ग्राइंडरमध्ये लोखंडाची पूड जाते आणि ती तर करंट वाहून नेणारी, सुताराचा भुसा त्यामानाने सोसतो. त्यामुळे सुताराकडे वर्षानुवर्षं चाललेली मशीन ग्रिलवाल्याकडे तेवढी चालेलच असं नाही. शिवाय साइटवर लांबलचक बारीक वायरीवर चालवलेली मशीन जळली तर दोष ब्रँडला देऊन काय उपयोग, व्होल्टेज पडतं, मशीनची गती उतरते, आतला पंखा हवा कमी मारतो आणि माणूस वरून अजून दाबतो. लांब एक्स्टेन्शनला २.५ स्क्वेअर एमएमची वायर वापरा, मग ब्रँडबद्दल बोलू.

आता दुकान. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा किंवा पुण्यात बोहरी आळीत, दोन-तीन मॉडेल समोर काढून घ्या आणि हाताने बघा. ग्राइंडरचा स्पिंडल (डिस्क बसते तो दांडा) धरून आडवा हलवा, डगडग लागली तर बाजूला ठेवा. मग हाताने हळू फिरवा, गिअर एकसारखा फिरला पाहिजे, मध्येच अडकून सुटतो असं वाटायला नको. मग डिस्क न लावता प्लग लावून मिनिटभर चालवा आणि मागच्या जाळीतून आत बघा. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणारच, नवा कार्बन बसेपर्यंत थोड्या जास्तही दिसतात, पण आर्मेचरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर ती मशीन घेऊ नका. बंद केल्यावर कान द्या, मशीन हळूहळू उतरत थांबली पाहिजे, खरखर करत पटकन अडकल्यासारखी थांबली तर बेअरिंगची फिटिंग बरोबर नाही.

लेबलवरच्या वॅटवर जाऊ नका. तो आकडा मशीन किती वीज ओढते त्याचा आहे, कामाला किती लागते त्याचा नाही, आणि स्वस्त मालावर काय वाट्टेल ते छापलेलं असतं. वायंडिंग तांब्याचं का ॲल्युमिनियमचं, बेअरिंगला रबर सील आहे का नुसता पत्रा, कार्बन संपल्यावर आपोआप करंट तोडून मशीन बंद करणारा आहे का (तसा नसेल तर घासत राहून कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरचा ज्यावर कार्बन टेकतो तो भाग, खातो), हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर वायंडिंगवाल्याला येतं.

सगळ्यात महत्त्वाचं, घेण्याआधी आर्मेचरचा भाव विचारा. समजा एक मशीन १,५०० ची आहे आणि तिचं आर्मेचर मिळतच नाही, दुसरी २,८०० ची आहे आणि तिचं आर्मेचर ७००-८०० ला काउंटरवर मिळतं, तर रोज वापरणाऱ्याला दुसरीच स्वस्त पडते. पहिली एकदा जळली की भंगार. मोठ्या कंपन्यांचे पार्ट्सचे डायग्राम नेटवर मॉडेल नंबर टाकला की सापडतात, प्रत्येक पार्टला नंबर असतो, तो घेऊन दुकानात विचारा की हा आज मिळेल का. "मागवून देतो" म्हणाला तर किती दिवसांत तेही विचारा, कारण तेवढे दिवस तुमचं काम बंद. कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात असाल तर शिरोळची केपीटी पण या हिशोबात धरा, आधीची कुलकर्णी पॉवर टूल्स. कंपनीच शेजारी आहे, पार्ट्सची चौकशी तरी नक्की करा.

बॅटरीवाल्या मशीनचं गणित वेगळं. एकावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० मॅक्स, तिसऱ्यावर २१ लिहिलेलं असतं, आत तिघांतही पाच-पाच सेलच सिरीजमध्ये. ३.६ ने गुणलं की १८, फुल चार्जचे ४.२ धरले की २१. तेवढ्याच आकाराच्या पॅकवर ४८ किंवा ८८ छापलेलं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, ४८ ला १३ सेल सिरीजमध्ये लागतात. इथे मशीनपेक्षा बॅटरी आधी जाते, म्हणून नुसत्या बॅटरीचा भाव विचारा आणि तीच बॅटरी त्या कंपनीच्या अजून कुठल्या मशीनला बसते ते बघा.

माझं मत विचाराल तर रोज वापराच्या चार इंची ग्राइंडरला निळी बॉश, मकिटा, डिवॉल्ट यात मरण्या-जगण्याएवढा फरक नाही, ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे ती घ्या. मोठ्या ब्रेकरला मात्र पैसे वाचवू नका. आणि वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याने एवढा विचार न करता साधी ड्रिल घ्यावी, ती पुरते.

डुप्लिकेट मालही भरपूर आहे, मकिटा-बॉशच्या नावाने तर हमखास. भाव नेहमीपेक्षा फारच कमी सांगितला, पक्कं बिल द्यायला टाळाटाळ केली, किंवा मशीनवरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत नसेल तर पैसे देऊ नका. बिलावर तोच सिरियल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन त्याच दिवशी वॉरंटी रजिस्टर करा. कार्बनसारखे झिजणारे पार्ट वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून कार्बनची एक जोडी तिथेच घेऊन ठेवा.