कोकणातून पुण्यात नवीन आलात? हॉटेलात मासे खायच्या आधी हे वाचा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून शिकायला नाहीतर नोकरीला पुण्यात आलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय, कारण पहिला पगार झाला की आपली पावलं मालवणी हॉटेलकडे वळतातच. वळू देत, पण घरी आई बाजारात स्वतः बघून मासा घेते, इथे तो बर्फात घालून घाट चढून येतो. म्हणून मेनूकार्ड उघडायच्या आधी विचारायचं, "दादा, आज ताजं काय आलंय?" चांगल्या ठिकाणी ट्रे आणून दाखवतात, लाजू नका. डोळे फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येतं, एवढं बघा. आणि तो बांगडा म्हणाला तर बांगडाच घ्या, सुरमई-पापलेटचा हट्ट नको. बांगडा, तारली स्वस्त म्हणून कमी लेखतात पण ओमेगा ३ (हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी) त्यांच्यातच पापलेटपेक्षा जास्त असतं.

वार पण बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार इथे हॉटेलं भरलेली असतात, माल खपतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार बरेच जण खात नाहीत, श्रावणात तर विचारूच नका, मग उरलेला माल पुढे ढकलला जाऊ शकतो. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा सुरमई दिसली तर ती फ्रोझन का ते विचारा. त्यापेक्षा गोड्या पाण्यातला रोहू, कटला ताजा असेल तर तो बरा.

आता बांगड्याचंच एक नीट लक्षात ठेवा. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं, ऍलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. घास जिभेवर मिरीसारखा चरचरला आणि तो तिखटपणा मसाल्याचा वाटत नसेल तर तिथेच थांबा, ताट परत करा. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर चट्टे हे अर्ध्या-एक तासात सुरू होऊ शकतं, लोक त्याला ऍलर्जी समजतात. श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मागवताना तवा फ्राय आणि "तेल कमी" हे दोन्ही सांगायचं, कारण नुसतं रवा फ्राय म्हटलं की बऱ्याच ठिकाणी मासा सरळ कढईत जातो आणि रवा तेल पितो. कोळीवाडा फ्राय तर तळलेलाच. त्यापेक्षा तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट कालवण) मिळालं तर सोडू नका, तेल कमी, चव आपल्या घरची. मुडदुशे हे मासे मिळाले तर उत्तमच, आपल्याकडे बाळंतिणीला उगाच देत नाहीत. फिश फिंगर, फिलेटवाल्या डिशमध्ये बहुतेक बासा नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो, त्यात ओमेगा ३ फार नाही, शिवाय तळण.

थाळी रोज नको. त्यात फ्राय, रस्सा, सुकट, पापड, सोलकढी सगळ्यातच मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, ते इथे एका बैठकीत संपू शकतं. बीपी असेल तर सुकट बाजूला ठेवा. दोघांत एक थाळी आणि वर एखादा जास्तीचा फ्राय, पोट भरतं. वडे सोडून तांदळाची भाकरी घ्या.

गरोदर असाल तर मोरी (शार्क) नको, मोठी सुरमई पण नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. युरिक ऍसिडवाल्यांनी तिसऱ्या (शिंपल्या), तारली जपून. आणि कोळंबीची ऍलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा आणि तळलेलं काहीच घेऊ नका, अगदी बोंबील पण नाही, कारण कढईतलं तेल बहुतेक एकच असतं.