सोलापूर ते दुबई: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दुबईहून सुट्टीवर सोलापूरला आलो की कोणी ना कोणी तिकीट दाखवायला घरी येतंच. परवा शेजारच्या काकू मुलाला घेऊन आल्या. मुंबईहून सकाळी १० ला सुटणार, दुबईला पावणेबाराला पोचणार. "पावणेदोन तासांत पोचतंय की!" काकूंचा जीव भांड्यात पडला होता.

तसं नसतं. तिकिटावर जिथली तिथली वेळ छापतात आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. परतीच्या तिकिटावर साडेचार तास दिसले तर घाबरू नका, लागतात तीनच, कधी त्याहून कमी. अंतर तेच, सरळ रेषेत साधारण १,९२५ किलोमीटर. पण वरचं वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं. जाताना ते समोरून अडवतं, येताना पाठीमागून रेटतं.

खरा हिशेब मात्र सोलापूर स्टेशनापासून धरा. रेल्वेनं मुंबई ४५५ किलोमीटर. वंदे भारतला साडेसहा तास लागतात, सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्र जाते. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, आणि सामान द्यायचा काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. काकूंच्या मुलाला १० च्या विमानासाठी आदल्या दिवशीच मुंबई गाठायला सांगितलं. पहिल्या खेपेला पावसात घाटात गाडी थांबली होती, मी काउंटर बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी धापा टाकत पोचलो. तेव्हापासून दुपारनंतरचंच तिकीट काढतो, सिद्धेश्वरनं येऊन दादरला उतरतो.

सोलापुरातल्याच होटगी रोडच्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं. वेळ जुळली तर जरूर जा. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, मध्ये चार-पाच तास ठेवा. पुणे जवळ आहे, पण तिथून थेट विमानं मोजकी. सोलापूरच्या पूर्व भागातले बरेच जण हैदराबादला नातेवाइकांकडं मुक्काम करून निघतात. तेही सोयीचं आहे, फक्त तिथून विमानाला चार तास धरा.

सामानात शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्या. खसखस मात्र दाणाभरही नको. यूएईत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते, माणूस थेट अडकतो. आईनं दिलेल्या काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातलीय का, हे विचारल्याशिवाय डबा बॅगेत ठेवू नका. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

आणि फोनचं. तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. आम्ही सगळे बोटिम हे कॉलचं अ‍ॅप वापरतो. ते आईच्या फोनमध्ये निघायच्या आधीच घालून द्या आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लावून तिच्याकडून उचलून घ्या. तिथं गेल्यावर हे फोनवरून समजावणं फार अवघड जातं. रात्री ९ ला ड्युटी सुटते तेव्हा घरी साडेदहा झालेले असतात, आई वाट बघत जागी राहते. मी म्हणून सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसमधून लावतो. सोलापुरात आठ वाजलेले असतात, आणि तिच्या बोलण्यामागं भाकरी थापल्याचा आवाज येत असतो.